अर्जेंटिनी रबराला तेलस्नान

५ जानेवारी २०२५, रविवार

चेन्नईच्या पार टोकाच्या आवडीहून परत आलो. बरोबर एक पत्र्याची पेटी.

मामांनी एग्मोरचं घर सोडून धाकट्या मुलाकडे, नवीनकडे, बिऱ्हाड हलवलं. मामा म्हणजे माझ्या बायकोचे, कनकाचे वडील, मानाजीराव. सासऱ्याला इकडे मामा म्हणतात, आमच्या वाईतही मामाच म्हणतात. लग्नात दोन्ही बाजूंचं एकमत झालेली ही एकमेव बाब. नवीनच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे, जिम आहे, पेटी ठेवायला जागा नाही. ती माझ्या हातात देताना मामा म्हणाले, माप्पिळ्ळे, सहस्रचंद्रापर्यंत तुमच्याकडे राहू द्या. माप्पिळ्ळे म्हणजे जावईबापू. शब्द मानाचा, पण मामा उच्चारतात तेव्हा त्यात थोडी चौकशी असते.

'सहस्रचंद्रापर्यंत' ही बोलण्याची पद्धत. वारसा मिळाला असा मी अर्थ घेतला.

नव्या वर्षाचा संकल्प, पाच दिवस उशिरा: यंदा एक विषय घ्यायचा आणि त्यात अधिकारी व्हायचं. शाळेत संस्कृत शिकवून अधिकार येतो, पण विचारत कोणी नाही.

६ जानेवारी, सोमवार. संध्याकाळी

पेटी उघडली. आत एक मास्क: लंबगोल काच, काळं रबर, भोवती स्टीलची पट्टी, पट्टीला स्क्रू. एक स्नॉर्केल: छत्रीच्या मुठीसारखं वळलेलं, वरच्या टोकाला छोटा पिंजरा, पिंजऱ्यात पिंगपाँगसारखा चेंडू. डोकं पाण्याखाली गेलं की चेंडू तरंगून नळीचं तोंड बंद करतो. हिरवे फिन्स, बदकाच्या पायासारखे. आणि पोहण्याची एक पांढरी रबरी टोपी, बायकांची, वर रबराचीच फुलं. सगळ्यांवर नाकावर चेंडू तोलणारी सील कोरलेली, खाली 'ला फोका, इंडुस्ट्रिआ अर्हेंतिना'.

कनकाने हकिगत सांगितली. तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होती, आज सलग ऐकली. १९६७ साल. मामा मालवाहू जहाजावर वायरलेस ऑफिसर. लग्न ठरलेलं. ब्वेनोस आयर्सला बंदराजवळच्या दुकानात हा सेट दिसला. बाकी सगळं स्वतःला, टोपी होणाऱ्या बायकोला, सकवारबाईंना. बेत असा की लग्नानंतर दोघांनी रामेश्वरला जायचं आणि समुद्राच्या तळाशी काय असतं ते बघायचं. परत आले तर जोशांनी पत्रिकेत जलगंड काढून ठेवलेला. पाण्यापासून जिवाला भय, सहस्रचंद्रदर्शन होईतो. सकवारबाईंनी शपथ घातली. जहाजावरची नोकरी सुटली. एग्मोरला शिपिंगच्या कचेरीत टेबल मिळालं. तंजावरच्या तळ्यात लहानपणी मासोळीसारखा पोहणारा माणूस त्यानंतर बादलीनेच न्हाला.

सकवारबाई तीन वर्षांमागे गेल्या. शपथ राहिली. आता मार्चमध्ये सहस्रचंद्र, इकडच्या भाषेत सदाभिषेकम. ते झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी हाच मास्क लावून पाण्यात उतरणार, असं मामा म्हणतात. सांगताना कनकाचे डोळे भरले.

ऐंशीच्या घरातली माणसं असं बोलतात. फार मनावर घ्यायचं नसतं.

८ जानेवारी, बुधवार

जुन्या डायव्हिंग साहित्याच्या संग्राहकांचा एक ग्रुप इंटरनेटवर सापडला. सभासद झालो. व्यवसाय: क्युरेटर, नुंगंबाक्कम.

रोसारिओ शहरातले एर्नेस्तो नावाचे गृहस्थ 'ला फोका'च जमवतात. त्यांनी लगेच लिहिलं की पूर्ण सेट फार दुर्मिळ आहे, त्यातही मास्कचं रबर टिकत नाही, तुमचं कसं आहे? मी कळवलं: सुपर्ब. त्यांनी सांभाळण्याचे नियम पाठवले. अंधार, थंडावा, टाल्कम पावडर. तेल कधीही नाही, चुकूनही नाही.

तेल म्हणजे त्यांना मोटारीचं म्हणायचं असणार. तिळाचं तेल त्या खंडात पोचलंय की नाही याची शंका आहे.

११ जानेवारी, शनिवार

पहिलं तेलस्नान.

विचार सरळ आहे. रबर झाडाच्या चिकापासून होतं. म्हणजे ते वनस्पतिज. म्हाताऱ्या त्वचेला जे लागू ते त्याला लागू. चेन्नईत शनिवारी पुरुषमंडळी अंगाला तिळाचं तेल चोळून न्हातात आणि ऐंशीव्या वर्षीही ती तुकतुकीत दिसतात. मामाच पाहा. मास्क, स्नॉर्केल, फिन्स मामांचे, म्हणून त्यांचा वार शनिवार. टोपी सकवारबाईंची. बायकांचे वार मंगळवार आणि शुक्रवार. ते शाळेचे दिवस. जमेल तसं बघू.

तेल मंद आचेवर, दोन मिरे टाकून. हलक्या हाताने मर्दन. तासभर उन्हात. मग शिकेकाई.

कनका दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, अहो, मिरे कशाला, त्याला सर्दी झालीये का?

मी मर्दन चालू ठेवलं.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी. पहाटे

अनर्थ टळला.

भोगीला इथे घरातल्या जुनाट वस्तू पहाटे जाळतात. वॉचमन सुब्बा मजल्यामजल्यावर जाऊन जुनं काही आहे का विचारत होता. सहानाने बाल्कनीत वाळत घातलेले फिन्स दिले. वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, सावरत खाली धावलो. एक फिन सुब्बाच्या हातात, जाळापासून वीतभर. दुसरा समोरच्या ब्लॉकमधल्या शेषाद्रींच्या हातात. त्या फिनने ते जाळाला वारा घालत होते. म्हणाले, सर, हवा फार छान लागते याची, कुठे मिळतात?

वर येऊन सहानाला जाब विचारला. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, सॉरी अप्पा, मला ते कोणाच्या तरी स्कूटरचे मडगार्ड वाटले.

या घरात जाणकार मी एकटाच. एकाकीपणाची सवय करायला हवी.

१८ जानेवारी, शनिवार

दुसरं स्नान. रबराला अशी झळाळी की मास्कच्या काळ्या भागात ट्यूबलाइट दिसते. एर्नेस्तोंना फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, एवढं चमकतंय कसं? उत्तर दिलं नाही. काही विद्या गुरुमुखातूनच मिळाव्यात.

२२ जानेवारी, बुधवार

वस्तूचं ज्ञान वापराशिवाय अपूर्ण. पोहायला शिकणं आलं. पण नीट विचार केला तर पोहणं म्हणजे श्वासावर ताबा. श्वासावर ताबा म्हणजे प्राणायाम. प्राणायाम मी वाईच्या पाठशाळेपासून करतो आहे. म्हणजे पोहायला मला तत्त्वतः येतंच, फक्त पाणी बाकी आहे.

सुरुवात म्हणून बादलीत तोंड घालून स्नॉर्केल तपासलं. सुरुवात उत्तम. मग जरा जास्त वाकलो, पिंजरा पाण्यात गेला, चेंडू वर आला आणि हवा बंद. सत्तावन्न वर्षांपूर्वीची यंत्रणा, पण काम चोख. मी घाबरलो नाही. बादली लाथेने उलटली ती स्वतंत्र घटना.

आवाज ऐकून कनका आली. नळी तोंडात, ओलाचिंब नवरा जमिनीवर बसलेला. म्हणाली, टँकरच्या पाण्याची बादली होती ती.

२६ जानेवारी, रविवार. आवडी

जेवायला नवीनकडे. मामांनी चप्पल काढायच्या आत विचारलं, माझा मास्क काय करूलाला? म्हणजे काय करतोय. मामांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून निघालेलं आणि वाटेत बरंच तमिळ प्यायलेलं. मी म्हटलं, विश्रांती घेतोय, तब्येत सुधारली आहे. मामा खूश झाले. उठून तलाव दाखवायला घेऊन गेले. रोज सकाळी तिथे जाऊन बसतात म्हणे, काठापासून दोन हात लांब, खुर्ची टाकून. शपथेत काठाचा उल्लेख नव्हता, पण सकवारबाईंना आवडलं नसतं म्हणून दोन हात.

तिथेच माझ्या मनात कल्पना आली आणि मी बोलूनही टाकली. होमात यजमानाच्या वतीने पुरोहित आहुती देतो. तसा त्या दिवशी मामांच्या वतीने मी मास्क लावून पोहेन. या वयात त्यांना श्रम कशाला. ते खुर्चीवर बसून बघतील.

मामा माझ्याकडे वळले. विचारलं, पोहता येतं? मी म्हटलं, तत्त्वतः. म्हणाले, ते किती फूट?

मग म्हणाले, तुम्हीही उतरा की. पण मास्क मी लावणार.

सौजन्य म्हणून होकार दिला. प्रत्यक्ष वेळ आली की त्यांना माझी योजना पटेल.

२ फेब्रुवारी, रविवार

उद्यापासून पोहण्याचा क्लास. सहानाच शिकवणार, तिच्या कॉलेजजवळच्या तलावात, सकाळी सहाला. गजर लावला.

३ फेब्रुवारी, सोमवार

गजर वाजला. घशात खवखव. सर्दीची पूर्वसूचना. अशा वेळी पाण्यात उतरणं म्हणजे आरोग्याचा अपमान.

५ फेब्रुवारी, बुधवार

सर्दी आली नाही. वेळीच काळजी घेतल्यामुळे.

आज हॉलमधल्या स्टुलावर पालथं पडून हातपायांचा अभ्यास. लय सापडली. जमिनीवर मी आता चांगला पोहतो. कामवाली बाई आज लवकर गेली.

८ फेब्रुवारी, शनिवार

स्नान नित्याप्रमाणे. रबरात मार्दव आलं आहे. बोट दाबलं तर ठसा राहतो, हळूहळू भरून येतो. लहान मुलाच्या गालासारखं. फिन्स थोडे फुगले आहेत. तेल अंगी लागलं.

कनका म्हणाली, अहो, हे चिकट लागतंय. मी म्हटलं, ते स्निग्ध. तिने हात धुवायला साबण दोनदा लावला. सवय नाही तिला.

९ फेब्रुवारी, रविवार

क्लासला गेलो. आज पायऱ्यांचा अभ्यास. पाणी घोट्यापर्यंत. सहाना म्हणाली, अप्पा, आता पुढे या. मी म्हटलं, पाया पक्का हवा. शेजारच्या पट्टीत पाच वर्षांची एक मुलगी उलटी पोहत होती आणि माझ्याकडे बघत होती. आईवडिलांनी शिस्त लावलेली दिसत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एर्नेस्तोंचा मेल. नव्या फोटोत मास्कचा आकार बदललेला दिसतो, तुम्ही तेल लावत नाही ना? मी लिहिलं, ऋतुमानाप्रमाणे पोषण देतो. उत्तर पाच मिनिटांत, सगळं मोठ्या अक्षरांत. भाषांतर केलं नाही. दक्षिण अमेरिकेतली माणसं भावनाप्रधान, हे सर्वश्रुत आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फिन्स परवापासून तमिळ पेपरावर ठेवले होते. उचलायला गेलो तर पेपर बरोबर आला. ओढून काढला. छपाई फिनवर राहिली. डाव्या पायावर विवाहविषयक पान, उलटं, आरशात वाचता येतं: वधू पाहिजे, मुलगा बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये, उंची पाच अकरा, साधं लग्न.

कनकाने आरसा धरून पूर्ण वाचलं. म्हणाली, उंची चांगली आहे, सहानाला दाखवू या का? मी म्हटलं, हा विषय गंभीर आहे. म्हणाली, तेच म्हणतेय मी.

मग आरसा खाली ठेवून तिने विचारलं, अहो, माझे अप्पा लावणार आहेत ना तो मास्क. बरा आहे ना?

सुपर्ब, म्हटलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

टोपीचा वार. शाळेत तपासणी होती, पुन्हा राहिलं. आल्यावर पाहतो तर टोपी पेटीत नाही. कनकाने उचलून पॉण्ड्स पावडरीच्या मोठ्या डब्यात घातली आहे. कपाटात, तिच्या साड्यांखाली. म्हणाली, अम्माची आहे, ती माझ्याकडे राहू दे.

प्रयोगाला तुलनेसाठी एक नमुना अलिप्त हवाच. म्हणून परवानगी दिली. ती तिने मागितली नव्हती, पण दिली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज स्नान नाही. अतिसेवनही टाळावं. स्नॉर्केलचं तोंडात धरायचं रबर मान खाली घालून बसलं आहे. उन्हाळा लवकर आला आहे, हे कारण. सगळं फ्रिजमध्ये ठेवलं.

सायंकाळी कनकाने इडलीचं पीठ काढायला फ्रिज उघडला. पिठाचं भांडं शेषाद्रींच्या फ्रिजमध्ये ठेवून आली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मामांचा फोन, कनकाला. आवडीच्या बाजारातून पोहायची चड्डी आणली, निळी. दुकानातला मुलगा मोठी दाखवत होता, त्यांनी लहान मागितली. मास्कची काच फुटली नाही ना, असं तीनदा विचारलं. रामेश्वर आता जमणार नाही, पण तळ तर तळच, तलावाचा का असेना, असं म्हणाले.

कनकाने हे सगळं मला जेवताना सांगितलं. रस्सम चांगलं झालं होतं. मी थोडंच घेतलं. उकाडा फार आहे.

जेवणानंतर फ्रिज उघडून पाहिला. थंडीने रबर जरा घट्ट झाल्यासारखं वाटलं. वाटलं म्हणजे आहेच.

१ मार्च, शनिवार

उद्या समारंभ, परवा तलाव. आज अंतिम तपासणी. मास्क फ्रिजबाहेर काढून तासभर ठेवला, मग तोंडावर लावला. पट्टा मागे ओढताक्षणी तुटला. हरकत नाही, मास्क तसाच तोंडावर बसून राहिला. पट्ट्याची गरजच नाही, इतका घट्ट. ही सुधारणाच म्हणायची. मग काढायला गेलो.

कनका आणि सहाना दोघींनी मिळून काढला. सहाना म्हणाली, अप्पा, हळू श्वास घ्या, प्राणायाम करा. शिक्षण वाया जात नाही.

रबर निघालं, खूण राहिली. कपाळापासून वरच्या ओठापर्यंत काळं, जाड, लंबगोल कडं. साबण. शिकेकाई. बेसन. भांड्यांची पावडर. आता कड्याभोवती लाल कडं आहे.

२ मार्च, रविवार. आवडी

सहस्रचंद्र पार पडलं. सकवारबाई असत्या तर दोघांना शेजारी बसवून थाटात झालं असतं. आता सोसायटीच्या हॉलमध्ये छोटा होम आणि कलशाचं स्नान. एकेकाने पाणी घालायचं. माझी पाळी आली. मामा ओल्या वेष्टीत पाटावर बसलेले, डोळे मिटून. मी कलश ओतला. त्यांनी डोळे उघडले आणि वर पाहिलं, माझ्या तोंडाकडे. पाणी गळत होतं आणि मामा बघत होते. गुरुजींनी मंत्र पुन्हा सुरुवातीपासून म्हटला.

फोटोग्राफर म्हणाला, सर, ग्रुप फोटो आहे, चष्मा काढता का?

दुपारी पान लावताना मामांनी विचारलं, माप्पिळ्ळे, पेटी आणलीत? आणली, म्हटलं. म्हणाले, उद्या बघू.

मंत्रांमध्ये गुरुजींचे दोन उच्चार चुकले. ते नोंदवून ठेवतो. बाकी आज लिहिण्यासारखं काही नाही.

३ मार्च, सोमवार. रजा

सकाळी तलावावर सगळे. मामांनी खुर्ची काठाला लावली, अगदी काठाला, आणि पेटी मांडीवर घेतली.

झाकण उघडलं. फिन्स एकमेकांना चिकटलेले. मामांनी मास्कला बोट लावलं. बोट उचललं तर रबराची तार आली, जिलबीच्या पाकासारखी. त्यांनी वास घेतला. नल्लेण्णै, म्हणाले. म्हणजे तिळाचं तेल. मग विचारलं, कुठल्या घाण्याचं?

मी समुद्राकाठच्या दमटपणाबद्दल सांगितलं. १९६७ सालच्या अर्जेंटिनी रबराच्या अंगभूत मर्यादांबद्दल सांगितलं. बोलता बोलता लक्षात आलं की कनका तलावाकडे तोंड करून उभी आहे आणि पदराने नाक पुसते आहे. मर्यादांबद्दलचं शेवटचं वाक्य मी पूर्ण केलं नाही.

मामांनी नवीनला स्क्रूड्रायव्हर आणायला सांगितलं. स्टीलच्या पट्टीचा स्क्रू फिरवला. गंजलेला नव्हता. पट्टी सैल झाली आणि काच अलगद निघून त्यांच्या हातात आली. पंच्याने पुसली, उन्हाकडे धरली. म्हणाले, काच बरी आहे.

कनकाने पावडरीचा डबा उघडला. टोपी पांढरीशुभ्र, फुलं ताठ, एक पाकळीसुद्धा मऊ पडलेली नव्हती. मामांनी ती हातात फिरवली. मग डोक्यावर घातली आणि हनुवटीखाली पट्टा लावला. ऐंशी वर्षांचा माणूस, निळी चड्डी, डोक्यावर रबराची फुलं. कोणी हसलं नाही. सहानाने फोन वर केला होता, तो खाली घेतला.

पहिल्या पायरीवर मामा थांबले. पाणी पावलांवर. काहीतरी पुटपुटले, आम्हाला नव्हतं. मग उतरले, आणि हात मारत निघाले. डोकं वर ठेवून, तळ्यात पोहतात तसे. फुलं पलीकडच्या काठापर्यंत जाऊन परत आली. नवीन जीव मुठीत धरून काठाकाठाने चालत होता. मामांना धापसुद्धा लागली नव्हती.

मग त्यांनी काच मागितली. दोन्ही हातांनी पाण्यावर आडवी ठेवली आणि वरून वाकून तिच्यातून खाली बघू लागले. बराच वेळ. पाणी काचेखाली स्थिर होतं म्हणे, तळाची फरशी न् फरशी दिसते.

दरम्यान मीही उतरलो होतो, उथळ बाजूने. ठरलेला संकल्प. हात मारत होतो. लय चांगली लागली होती, स्टुलावरच्या सरावाचा उपयोग झाला. पलीकडून नवीन म्हणाला, अत्तिंबेर, छान येतं की तुम्हाला. म्हणजे इकडचे दाजी. कनकानेही वळून पाहिलं. मी जरा वेग वाढवला.

मामा काच धरून हळूहळू माझ्या बाजूला सरकत आले. माझ्याजवळ थांबून पुन्हा खाली वाकले. सहानाने काठावरून आजोबांना विचारलं, तात्ता, काय दिसतंय?

मामांनी घाई केली नाही. नीट बघून घेतलं.

म्हणाले, माप्पिळ्ळेंचे पाय. दोन्ही. खाली टेकलेले.

८ मार्च, शनिवार

कडं आज निघालं. सगळे उपाय थकल्यावर कनकाने तिळाचं तेल कोमट करून माझ्या तोंडाला चोळलं, मिरे टाकून. रबर पाच मिनिटांत विरघळलं. यावरून सिद्ध होतं की तिळाच्या तेलाने रबर विरघळतं. हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. एर्नेस्तोंना कळवायला हवं.

दुपारी मामांचा फोन. थेट मला, कनकाला नाही. काच पुसून ठेवली आहे, उद्या सकाळी सहाला आवडीला या, पाय उचलायला शिकवतो, म्हणाले. फोन ठेवण्याआधी म्हणाले, तेल लावून येऊ नका.

तेव्हापासून सर्दीची लक्षणं शोधतो आहे. एकही नाही.